डोहाळजेवणाला काय न्यावं

आमच्या घरमालकीण बाईंना कोणाच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं की त्या आधी लोखंडाच्या दुकानात जायच्या.

बाकीच्या बायका इतवारीत शिरल्या की सराफाकडे वळतात. बाई लोहाओळीकडे वळायच्या. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि साखळ्या यांच्या मधोमध उभ्या राहून त्या गंभीरपणे म्हणायच्या, "पहिलटकरणीसाठी काही दाखवा." दुकानदार त्यांना ओळखून होता, कारण त्याची मोठी मुलगी त्यांच्या हाताखाली शिकली होती. तो न हसता विचारायचा, "सासर कसं आहे बाई?" आणि उत्तर ऐकून त्या मापाची कडी काढून ठेवायचा.

अशीच एक होती दाराला आतून लावायची कडी. ती त्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला भेट दिली होती. घर एकत्र, माणसं भरपूर आणि सुनेच्या खोलीला दार होतं पण कडी नव्हती. ज्याला जे हवं असेल ते घ्यायला जो तो आत यायचा: सासरा चष्मा शोधायला, दीर इस्त्री शोधायला, सासू सुनेला शोधायला. डोहाळजेवणाच्या दिवशी चांदीचे वाळे आणि रेशमी झबली यांच्या ओळीत ती काळी कडी, चार स्क्रू आणि एक पेचकस असा संच ठेवलेला पाहून बायकांनी माना पुढे काढल्या. सासूबाईंनी विचारलं, "हे काय बाई?" बाई म्हणाल्या, "विश्रांती."

त्या काळात मी बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. बाई एका मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. घर इतवारीत, भांड्यांच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर पितळ ठोकलं जायचं. मी बी.एड.चं बालमानसशास्त्र त्याच आवाजात पाठ केलं, त्यामुळे बालमनाच्या विकासाच्या प्रत्येक अवस्थेला मला अजून हंड्याचा ठोका ऐकू येतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. कॉलेजात कसं वागतात हे मला घरून कोणी सांगू शकत नव्हतं, म्हणून मी सगळं बाईंना विचारायचे. आता वाटतं, याहून साधं माणूस मिळालं असतं तर मी अधिक सरळ झाले असते.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. त्याबद्दल कोणी खोदून विचारलं तर त्या सांगायच्या, "एकदा ठरून राहिलं होतं. ते लोक म्हणाले, लग्नानंतर नोकरी सोडा. मी म्हटलं, तुम्हीच सोडून पाहा आधी, कसं वाटते ते मले सांगा." एवढंच. पुढे काय झालं हे सांगण्यासारखं काही नसावं.

पण त्यामुळे डोहाळजेवणात यजमानिणीची पंचाईत व्हायची. बाई सवाष्ण नाहीत म्हणून त्यांनी ओटी भरायची नाही. विधवा नाहीत म्हणून त्यांना टाळायचंही नाही. अर्ध्या इतवारीच्या सुना त्यांच्या विद्यार्थिनी, म्हणून आमंत्रण मात्र द्यायलाच हवं. शेवटी त्यांना दाराजवळ एक खुर्ची द्यायचे, जिथून सगळं दिसतं आणि काही करता येत नाही. बाईंना ती जागा पसंत होती. त्या म्हणायच्या, "परीक्षेत सुपरवायझरले तिथंच बसवतात."

भेटवस्तूंबद्दल त्यांचं एक पक्कं मत होतं आणि ते त्या कोणालाही, विशेषतः जेवताना, ऐकवायच्या. "पोरीले काय देता तुम्ही? फुलाचे दागिने. ते संध्याकाळी सुकतात. पोराले काय देता? चांदीची वाटी. ते पोर अजून आलंच नाही, अन् वाटी सासूच्या कपाटात गेली. साडी देता ते तुमच्या आवडीची. पेढे देता ते तुमीच खाता. मंग त्या बिचारीले भेटलं काय? अपचन."

म्हणून बाई आधी ते घर पाहून यायच्या. घरात काय नाही याचा विचार करायच्या आणि तेच द्यायच्या. एकीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, आणि हाक मारली तर खाली कोणाला ऐकू जात नसे, किंवा जात असे पण कोणाला यायचं नसे. तिला त्यांनी शाळेच्या पी.टी.ची शिट्टी दिली. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर नवरा. म्हणतात की पहिल्या आठवड्यात शेजारचे लोकही पाणी घेऊन यायचे.

नेहमी त्यांचं बरोबरच यायचं असं नाही. एका घरी उंदीर फार होते. बाईंनी सुनेला पिंजरा दिला. भरल्या घरात, फुलांच्या मखरात बसलेल्या त्या मुलीच्या मांडीवर उंदराचा पिंजरा ठेवला गेला आणि ती मुलगी ओक्साबोक्शी रडली. त्या घराने बाईंशी संबंध तोडले. बाईंना वाईट वाटलं का? वाटलं. त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नको होता तं पिंजरा वापस तरी करायचा. आपल्याकडे बी उंदीर आहेत."

अशा बाईंकडे मी, डोहाळजेवणाला काय न्यावं, असा सल्ला मागायला गेले. याला माझी गरज कारण होती.

बी.एड.चा निकाल लागला आणि मी नोकरी शोधू लागले. माझ्या वडिलांचं उमरेडच्या बस स्टँडवर चहाचं दुकान होतं. धाकटी बहीण त्याच वर्षी मॅट्रिक झाली आणि तिलाही नागपूरला शिकायचं होतं. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. "पह्यले मोठीचं काय होते ते पाहू. तिले नोकरी लागली तं शिकून फायदा हाये असं समजू. नाही लागली तं धाकटीले काहून पाठवावं?" माणूस चहाची नवी भुकटीही आधी थोडीच आणून पाहतो. त्या घरातली नमुन्याची पुडी मी होते. शाळा जूनअखेर उघडणार आणि कॉलेजचे प्रवेशही त्याच सुमाराला बंद होणार. तोवर मला नोकरी लागली तर बहिणीचं शिक्षण, नाही तर तिनेही बस स्टँडवर कपबशा विसळायच्या.

अर्ज मी भरपूर केले. नागपुरात शाळा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक शाळेच्या मागे एक संस्था आहे. संस्थेच्या मागे एक सेक्रेटरी असतो आणि सेक्रेटरीच्या मागे सहसा एक दुकान. मुलाखतीला बोलावणं आलं तेही दुकानातच, गांधीबागेत, कापडाच्या गादीवर. सेक्रेटरीसाहेब एका गिऱ्हाईकाला लुगड्याचा काठ दाखवत होते आणि मधून मधून मला प्रश्न विचारत होते. मला इतिहास का आवडतो, असं त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे उत्तर द्यायला सुरुवात केली. ते म्हणाले, "रंग जाणार नाही, खात्री आहे." हे मला नव्हतं.

"वडील काय करतात?"

मी सांगितलं.

"वा. श्रमाची प्रतिष्ठा," असं म्हणून त्यांनी लुगड्याची घडी घातली. "हे पाहा, एक जागा रिकामी होते आहे. बी.एड.ची. तुम्ही तिघीजणी आहात. पण आमच्याकडे निर्णय घरी होतो. गुरुवारी आमच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. या तुम्ही. आमच्या मंडळींशी ओळख होईल. आणि काही आणू नका."

मी घरी येऊन बाईंना शब्दशः सांगितलं. काही आणू नका म्हणाले, तर खरंच काही न नेलेलं बरं, असं माझं मत होतं.

बाईंनी माझ्याकडे, पहिलीतल्या मुलीने दौत सांडल्यावर पाहावं तसं पाहिलं. "तुले बी.एड.ले काय शिकवलं वं? 'काही आणू नका' म्हणजे चांगलं आणा. नुसतं 'या' म्हटलं असतं तं नारळानं भागलं असतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "जागा कोणाची रिकामी होऊन राहिली?"

हे मी विचारलंच नव्हतं. भुकेला माणूस पंगतीत बसताना, हे पान कोणाचं होतं, असं विचारत नाही.

"सून म्हणजे कुमुद ना? माह्याच शाळेत शिकली ते," बाई म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प बसणं चांगलं लक्षण नव्हतं, पण मी माझ्याच काळजीत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. मे महिना, डोक्यावर ओला रुमाल, आणि इतवारीच्या गल्लीत हातगाड्यांच्या मधून वाट काढत बाई पुढे, मी मागे. मी चांदीच्या चमच्यापाशी थांबले. बाई म्हणाल्या, "तुह्या बापानं किती कप चहा विकला म्हणजे हा येते ते सांग, मंग घे." मी पुढे निघाले. झबली-टोपडी पाहिली. बाई म्हणाल्या, "पोरगं नागपुरात उघडंच राहते." एक कचकड्याचा खुळखुळा मला फार आवडला. बाईंनी तो हातात घेऊन वाजवला, दुकानदाराला परत दिला आणि त्याला म्हणाल्या, "आवाज सासूसारखा आहे." तो बिचारा हसावं की नाही या विचारात पडला.

शेवटी त्या एका गादीवाल्याकडे थांबल्या. पिंजलेल्या कापसाची, चौकोनी, जाड, खुर्चीवर ठेवायची गादी त्यांनी शिवायला सांगितली. वर जांभळं खादीचं कापड आणि चारी कोपऱ्यांना बंद, म्हणजे खुर्चीला बांधता येईल आणि घसरणार नाही. पैसे मी दिले. काय घेते आहे हे मला कळत नव्हतं, पण ते लोखंडाचं नव्हतं एवढ्यावर मी समाधान मानलं.

"बाई, हे बरं दिसेल का?"

"दिसाले नाही घेतलं. बसाले घेतलं."

घरी आल्यावर त्यांनी ती नेहमीप्रमाणे जुन्या उत्तरपत्रिकांत गुंडाळली. बाईंच्या भेटी उत्तरपत्रिकांतच यायच्या. त्यामुळे ज्या घरी त्या जात तिथल्या बायका वस्तूच्या आधी कागद वाचायच्या आणि गल्लीतल्या कोणत्या सुनेला भूगोलात काय मिळालं होतं हे सगळ्यांना समजायचं.

गुरुवारी सेक्रेटरीसाहेबांच्या घरी गेलो. पुरुष बाहेरच्या खोलीत पंख्याखाली आणि बायका आत. कुमुद झोपाळ्यावर बसली होती. फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा, आणि त्या सगळ्यात दोन दमलेले डोळे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पेढा की बर्फी झालं. तिने झाकलेली वाटी उघडली, बर्फी निघाली, आणि मुलगी होणार म्हणून सगळ्या इतक्या मनापासून हसल्या की कोणाला वाईट वाटलंय हे लगेच कळलं.

माझ्या दोघी प्रतिस्पर्धीही आल्या होत्या. एक धरमपेठेतली. तिने चांदीचा वाटी-चमचा आणला होता. दुसरीने स्वतः विणलेला लोकरीचा स्वेटर, टोपी आणि मोजे असा संच आणला होता. नागपुरात, मे महिन्यात. पण कष्ट दिसत होते आणि अर्जात तिने 'विणकामाची आवड' असंही लिहिलेलं असणार. बाईंना दाराजवळची खुर्ची मिळाली. मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसले.

सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी, म्हणजे काकू, एकेक भेट उघडून सगळ्यांना दाखवत होत्या. हीच मुलाखत होती, फक्त प्रश्न विचारत नव्हते. वाटी-चमच्याला "अगंबाई" मिळालं. स्वेटरला "किती बारीक वीण" मिळालं. मग माझी गादी निघाली. काकूंनी ती उलटीसुलटी केली, बंद ओढून पाहिले.

"ही काय, पाळण्यातली?"

बाई खुर्चीवरून म्हणाल्या, "शाळेतल्या खुर्चीची आहे. शाळेच्या खुर्च्या लाकडी. बाळंतपणानंतर टोचतात."

बाई शुद्ध मराठीत बोलल्या हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. घरी त्या आमच्यासारखं बोलायच्या. शुद्ध बोलायला लागल्या की समजायचं, कोणाचं तरी काही खरं नाही.

काकू हसल्या. "आता कुठली शाळा बाई. हिचा राजीनामा द्यायचाच आहे. घरी लेकरू सोडून शिकवायला जायची काय गरज? म्हणून तर जागा भरतो आहोत." आणि त्यांनी आम्हा तिघींकडे कौतुकाने पाहिलं.

तेव्हा मला कळलं. आम्ही तिघी जिच्या डोहाळजेवणाला आलो होतो, तिचीच नोकरी मागायला आलो होतो. एकीने त्यासाठी चांदी आणली होती, एकीने लोकर. कुमुद मान खाली घालून हातातल्या फुलांच्या गजऱ्याचा दोरा सोडवत होती.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "गरज काहीच नाही. मला फक्त एक सांगा. तुमच्या शाळेत मोठ्या बाई निवृत्त व्हायला आल्या. त्यांच्यामागे बी.एड. झालेलं आहे कोण?"

"कुमुदच. बाकीच्या डी.एड. आहेत."

"म्हणजे कुमुदच्या खुर्चीवर जी बसेल तीच पुढे मुख्याध्यापिका होईल. शिक्षण खातं ज्येष्ठता पाहतं, घराणं पाहत नाही. शाळेला नाव कोणाचं आहे?"

"मामंजींचं."

"मग मामंजींच्या नावाच्या शाळेत, मामंजींच्या तसबिरीखाली, कोण बसेल ते पाहून घ्या." आणि बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही बसेल. उमरेडच्या बस स्टँडवर हिच्या वडिलांचा चहा आहे. चांगला असतो, मी प्यायले आहे. स्नेहसंमेलनाला ही व्यासपीठावर, तुम्ही समोर. तुम्हाला हार हीच घालेल. किंवा तो वाटी-चमचा बसेल. किंवा ते मोजे. कोणी का असेना, घरची सून मात्र घरी पाळणा हलवत असेल आणि तुम्ही दुसऱ्याच्या मुलीला 'मोठ्या बाई' म्हणाल."

माझे कान इतके गरम झाले होते की त्यावर दूध उकळलं असतं. मला जायला जागा नव्हती. दार बाईंच्या खुर्चीमागे होतं.

काकूंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्या स्नेहसंमेलनात जाऊन पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि मी हार घेऊन खाली उतरते आहे. तो हार त्यांना सोसवेना.

"मग काय करायचं म्हणता?"

"काही नाही. कुमुद बाळंतपणाची रजा घेईल. दिवाळीनंतर येऊन आपल्या खुर्चीवर बसेल. तोपर्यंत रजेपुरती कोणीतरी ठेवा."

काकूंनी दारातूनच हाक दिली, "अहो, जरा इकडे या." सेक्रेटरीसाहेब खांद्यावरच्या पंच्याने घाम पुसत आले. "आपल्या कुमुदला रजा द्यायची ठरली आहे. राजीनामा नको."

"बरं," सेक्रेटरीसाहेब म्हणाले आणि परत पंख्याखाली गेले. निर्णय घरी होतो हे त्यांनी मला खरंच सांगितलं होतं.

रजेपुरत्या जागेत बाकी दोघींना रस नव्हता. धरमपेठेच्या बाईंनी काकूंच्या पुढ्यातल्या वाटीकडे एकदा पाहिलं, पण दिलेली चांदी उचलून नेण्याचा रिवाज आपल्याकडे नाही. स्वेटरवाल्या बाईंना गोंदियाला बहिणीकडे जायचं आठवलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुमुदनेही. ती त्या दुपारी पहिल्यांदाच बोलली.

"तू येशीन? चार महिने?"

"हो."

"अन् मी आली की वापस देशीन ना?"

मी पुन्हा हो म्हटलं. या प्रश्नाला नाही म्हणणारी मुलगी त्या खोलीत बसून राहू शकली नसती. पण माझ्या डोक्यात दुसराच हिशेब फिरत होता: जून, जुलै, ऑगस्ट, आणि पुढे धाकटीची उरलेली वर्षं.

जेवण छान होतं असं लोक म्हणाले. मला मात्र वडाभाताची चव लागली नाही.

परतताना सायकलरिक्षात मी विषय काढला. भीत भीत, पण काढला.

"बाई, तुम्ही सगळ्यांपुढे माझ्या वडिलांना मधे आणलं."

"आणलं."

"मला फार वाईट वाटलं."

"वाटूच दे. वाईट वाटण्यासारखंच बोलली मी. त्या बाईले कुमुदची दया नसती आली. तुही भीती आली." बाईंनी पदराने मानेवरचा घाम पुसला. "तुही कोणाले भीती वाटते हे तुले आजच समजलं. खुश नाही झाली?"

"मला पक्की जागा मिळाली असती कदाचित."

"त्या चांदीच्या पुढं? तुही गादी पाहून?"

"गादी तुम्हीच घ्यायला लावली."

यावर बाई पहिल्यांदा माझ्याकडे वळून हसल्या. "हाव ना. आता तू बोलाले लागली." रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगून त्या पुढे म्हणाल्या, "तुह्या बापानं काय म्हटलं होतं? नोकरी लागली तं धाकटीले पाठवतो. किती महिन्याची लागली पाहिजे असं म्हटलं होतं का?"

"नाही."

"मंग तू काहून सांगून राहिली त्याले?"

पण मी सांगितलं. मला लपवता येत नाही, हा माझा स्वभावच आहे. त्याच रविवारी उमरेडला गेले. वडील गाळणीतून चहा ओतत होते. त्यांनी वर न पाहता विचारलं, "लागली का?"

"लागली, बाबा. पण लीव्ह व्हेकन्सीवर आहे."

वडिलांनी किटली खाली ठेवली. त्यांनी तो शब्द एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिला. मग बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे वळून सांगितलं, "माह्या पोरीले नागपूरले लीव्ह व्हेकन्सीची नोकरी भेटली." बाकावर एक कंडक्टर बसला होता, त्याने मान हलवली. "मोठी पोस्ट आहे," तो म्हणाला. आता कंडक्टरने म्हटल्यावर मी कोण बोलणारी. मी पुन्हा समजावायला तोंड उघडलं तोवर वडील आईला हाक मारून सांगत होते की धाकटीची पेटी काढ.

धाकटीचा प्रवेश झाला. ती माझ्याच खोलीत राहायला आली. बाईंनी भाडं वाढवलं नाही, पण पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की या घरात मोठ्याने वाचायचं, कारण पितळेच्या आवाजात मनात वाचलेलं ऐकू येत नाही.

मी चार महिने कुमुदच्या खुर्चीवर बसले. खुर्ची खरंच टोचायची. गादी कुमुदच्या घरी होती. नववीच्या मुलींना मी इतिहास शिकवला आणि मला तो शिकवता येतो हे मला समजलं, हे मी कोणाला सांगितलं नाही. बाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बी.एड. कशाला केलं मग.

कुमुदला मुलगीच झाली. दिवाळीची सुटी संपली आणि ती पहिल्या दिवशी घंटा व्हायच्या आधी वर्गाच्या दारात उभी होती. अंगावर साधी साडी, काखेत हजेरीपट, आणि डोळे अजून दमलेलेच, पण वेगळ्या तऱ्हेने. मी खडू तिच्या हातात दिला.

"कुठवर आलं?" तिने विचारलं.

"पानिपत झालं. माधवराव झाले. आता पेशवाई बुडवायची आहे."

"असू दे. ते मी बुडवते," ती म्हणाली आणि आत गेली. मुली उभ्या राहिल्या. मी व्हरांड्यात थोडी थांबले. ती माझ्याहून चांगलं शिकवत होती. नसती शिकवत तर बरं झालं असतं असं एक क्षण वाटलं, आणि मग तसं वाटलं नाही.

घरी आले तेव्हा धाकटी जोरजोरात अर्थशास्त्र वाचत होती. बाई गव्हातले खडे वेचत बसल्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. धाकटीला म्हणाल्या, "हळू वाच वं जरा. तुही बहीण आजपासून रिकामी झाली. तिले झोपू दे."

मी झोपले. कपडेही न बदलता, संध्याकाळपासून सकाळपर्यंत.

सकाळी बाईंनी मला हलवून उठवलं. त्या कुठून तरी जाऊन आल्या होत्या, पायात चपला तशाच होत्या. खाली पितळ ठोकायला सुरुवात झाली होती, म्हणून त्यांनी कानाजवळ येऊन सांगितलं की धंतोलीच्या एका शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना हल्ली सकाळी मळमळतं. मी आजच अर्ज नेऊन द्यावा. आणि तिथे कोणाजवळ काही बोलू नये, कारण त्यांच्या नवऱ्याला अजून माहीत नाही.